जिभेने जबडा बदलतो का?

शिक्षकांनी प्रश्न विचारला की ओठांवर बोट ठेवायचं, मग तेच बोट जबड्याच्या कडेने फिरवायचं. अर्थ असा, की ‘बोलू शकत नाही, म्यूइंग चालू आहे.’ या मीमचं मूळ ब्रिटिश दंतवैद्य जॉन म्यू आणि त्यांचे चिरंजीव माइक यांच्या दाव्यात आहे: जीभ टाळूला टेकवून ठेवली की जबडा सुधारतो. देखण्या आणि सामान्य पुरुषात फरक फक्त काही मिलिमीटर हाडाचा, हे सूत्र इंटरनेटने त्याला जोडलं. दाव्याला ठोस पुरावा नाही, माइक यांची नोंदणी ब्रिटनच्या दंत परिषदेने २०२४ मध्ये रद्द केली.

सेल्फीवरून तर जबडा जोखूच नये. फोन जवळ धरला की नाक फुगलेलं दिसतं, चेहऱ्याचं प्रमाणच बिघडतं.

वाढत्या वयात जबड्याला वळण देता येतं, पण तज्ज्ञाने बसवलेल्या उपकरणांनी. वाढ थांबल्यावर हाड सरकवायला शस्त्रक्रियाच लागते. दात नीट जुळत नसतील, घास चावताना त्रास होत असेल, तर वर्ध्याजवळ सावंगी (मेघे) इथे दंत महाविद्यालय आहे. मूल सतत तोंडाने श्वास घेत असेल, तर आधी कान-नाक-घसा तज्ज्ञांना दाखवावं.