पटत नव्हतं, तरी आठवण का येते?

एकाला घर माणसांनी भरलेलं हवं, दुसऱ्याला शांतता. एक पै-पै जपणारा, दुसऱ्याचा हात सैल. अशा दोघांचं नातं तुटलं की आजूबाजूचे म्हणतात, ‘सुटलास बाबा!’ मग जीव का तुटतो?

कारण पटणं वेगळं आणि ओढ लागणं वेगळं. संशोधक हेलन फिशर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१० मध्ये एक अभ्यास प्रसिद्ध केला. प्रेमात नाकारल्या गेलेल्या १५ जणांना नाकारणाऱ्या व्यक्तीचा फोटो दाखवून त्यांच्या मेंदूचं स्कॅनिंग केलं, तेव्हा व्यसनाच्या तलफेशी जोडलेले भाग जागे झालेले दिसले. ज्यांना नातं तुटून जास्त दिवस झाले होते, त्यांच्यात जवळिकीशी संबंधित एका भागातली हालचाल मात्र कमी होती.

म्हणजे आठवण येणं हा निर्णय चुकल्याचा पुरावा नव्हे. तलफ जुन्या मेसेजवर, ‘सहज’ केलेल्या फोनवर पोसली जाते. तेवढं काही काळ बंद ठेवावं. झोप, जेवण, मित्र सांभाळावेत. महिनोन्‌महिने रोजची कामंही जड जाऊ लागली, तर मात्र समुपदेशकाकडे जावं.