खांदा आखडला? फिजिओथेरपीतल्या ‘अंशां’चा अर्थ समजून घ्या

शुगर वाढली की आपण डोळे, किडनी आणि पायांची काळजी करतो. खांद्याकडे मात्र कुणाचं लक्ष जात नाही. मधुमेह असणाऱ्यांमध्ये खांदा आखडण्याचा त्रास, म्हणजे फ्रोझन शोल्डर, इतरांपेक्षा बराच जास्त आढळतो. नमाजसाठी हात कानापर्यंत उचलणं, वेणी घालणं, फळीवरचा डबा काढणं अवघड होऊन बसतं. बरं व्हायला कित्येक महिने, कधी वर्ष-दोन वर्षंही लागतात.

सातारा-सांगलीकडची माणसं अशा वेळी कऱ्हाड किंवा मिरज गाठतात. मिरजेत डॉ. विल्यम वॉनलेस यांनी १८९४ मध्ये मिशन हॉस्पिटल सुरू केलं, तेव्हापासून हे गाव दवाखान्यांसाठी ओळखलं जातं. कऱ्हाडला कृष्णा विद्यापीठाचं फिजिओथेरपी कॉलेज आहे. पण रोजचा प्रवास परवडत नाही, म्हणून पुढचे व्यायाम अनेकजण जवळच्या क्लिनिकमध्ये करतात. गोंधळ होतो तो इथेच. आधीच्या कागदावर १२० अंश आणि नव्या कागदावर ११०! हात पुन्हा आखडला की काय, या भीतीने काहीजण उपचारच सोडून देतात.

हे माप गोनिओमीटरने घेतात. म्हणजे दोन पट्ट्यांचा कोनमापक. एक पट्टी धडाच्या रेषेत आणि दुसरी दंडाच्या रेषेत धरायची. हात पूर्ण वर गेला की साधारण १८० अंश भरतात.

या मापावर भरवसा किती ठेवायचा? अमेरिकेत रिडल, रॉथस्टीन आणि लॅम्ब यांनी १९८७ मध्ये रुग्णांवरच हे तपासलं. एकाच फिजिओथेरपिस्टने पुन्हा माप घेतलं तर आकडे चांगले जुळले. माणूस बदलल्यावरही हात समोरून वर नेणं, बाजूने वर नेणं आणि बाहेर वळवणं, ही मापं बऱ्यापैकी जुळली. हात मागे नेणं आणि आत वळवणं यांत मात्र बरीच तफावत आली. कोनमापक लहान की मोठा, याने विशेष फरक पडला नाही.

तफावत येते कशामुळे? रुग्ण बसलेला होता की झोपलेला? हात त्याने स्वतः उचलला की थेरपिस्टने उचलून दिला? पाठ वाकवली किंवा खांद्यामागचं पसरट हाड जास्त सरकलं, तर हात उगाच जास्त वर गेल्यासारखा दिसतो. जाड किंवा सैल कपड्यांवरून हाडाची नेमकी जागा सापडत नाही. म्हणून आपल्या आया-बहिणींनी संकोच न करता महिला थेरपिस्ट आणि पडद्याची सोय मागावी.

मग आपण काय करावं?

• शक्य असेल तर दर वेळी एकाच व्यक्तीकडून, एकाच स्थितीत माप घ्यावं.

• बसून की झोपून, स्वतः की मदतीने, हे आकड्याशेजारी लिहून मागावं.

• थेरपिस्ट बदलला तर त्याचं पहिलं माप ही नवी सुरुवात समजावी.

• पाच-दहा अंशांच्या फरकाने हुरळून जाऊ नये, घाबरूही नये. काही आठवड्यांचा कल बघावा.

• कोणती कामं जमू लागली, रात्री झोप लागते का, याचीही नोंद ठेवावी.

पडल्यानंतर हात अचानक उचलेनासा झाला, तर मापाची वाट न बघता डॉक्टरांकडे जा. एरवी दोन कागदांवरचे आकडे वेगळे दिसले, तर आधी विचारा: माप कुणी घेतलं आणि कसं घेतलं? उपचार बंद करायचा निर्णय त्यानंतरच, आणि तोही डॉक्टरांशी बोलून.