शिक्षेचा कागद खासगी कसा?

१२ ऑक्टोबर २०२५ ला माहिती अधिकार कायदा लागू होऊन वीस वर्षे झाली. ठिकठिकाणी सभा झाल्या, माझ्यासारख्या जुन्या माणसांना बोलावून आठवणी सांगायला लावले. त्यानंतर महिना-सव्वा महिन्यातच डिजिटल वैयक्तिक विदा संरक्षण कायद्याचे नियम अधिसूचित झाले आणि त्या कायद्याचे कलम ४४(३) अमलात आले. आम्ही बोलताना ज्याला 'आठ-एक-जे' म्हणतो, ते माहिती अधिकारातले कलम त्याने कापून टाकले. पूर्वी वैयक्तिक माहिती नाकारायची तर तिचा सार्वजनिक कामाशी संबंध नाही, किंवा ती दिल्याने कोणाच्या खासगी आयुष्यात विनाकारण घुसखोरी होते, हे अधिकाऱ्याला दाखवावे लागे. व्यापक जनहित असेल तर ती द्यावीच लागे. आणि जी माहिती विधिमंडळाला नाकारता येत नाही ती कोणालाच नाकारता येणार नाही, असे एक सुंदर वाक्य शेवटी होते. आता यातले काही उरले नाही. माहिती 'वैयक्तिक' आहे एवढे म्हटले की झाले.

डिसेंबरात एक गृहस्थ उत्तराचा कागद घेऊन घरी आले. त्यांच्या मुलाला पोलीस ठाण्यात मारहाण झाली होती. वर्षभरापूर्वी त्यांनी वरिष्ठांकडे तक्रार केली होती आणि त्या तक्रारीचे काय झाले एवढेच विचारले होते. उत्तरात दोन ओळी होत्या : मागितलेली माहिती संबंधित कर्मचाऱ्याची वैयक्तिक माहिती असल्याने देता येत नाही. कागद टेबलावर ठेवून ते म्हणाले, "मार माझ्या मुलाला बसला आणि माहिती त्यांची खासगी?" मी त्यांना चहा दिला. उत्तर माझ्याकडे नव्हते.

म्हणून हा मागोवा.

कायद्याच्या आधीची वर्षे मी भराभर ओलांडतो. १९२३ चा शासकीय गुपिते कायदा डोक्यावर होता आणि पोलिसांच्या कागदाला हात लावायची कोणाची छाती नव्हती. न्यायालयात किंवा चौकशी आयोगापुढे प्रकरण गेले तरच काही उघडे पडे. १९७२ साली तेव्हाच्या चंद्रपूर जिल्ह्यातल्या देसाईगंज पोलीस ठाण्यात एका आदिवासी मुलीवर अत्याचार झाला. देश तिला मथुरा या नावाने ओळखतो. १९७८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने दोन्ही पोलिसांना सोडले. निकालपत्र छापील होते, कोणालाही वाचता येत होते, म्हणूनच उपेंद्र बक्षी, लतिका सरकार, वसुधा धागमवार आणि रघुनाथ केळकर या चौघांना १९७९ मध्ये सरन्यायाधीशांना खुले पत्र लिहिता आले. त्या पत्रातून उभ्या राहिलेल्या चळवळीने १९८३ मध्ये बलात्काराचा कायदा बदलला. पोलीस खात्याने त्या दोघांबद्दल स्वतःच्या फायलीत काय लिहिले होते, ते मात्र कधी बाहेर आले नाही.

श्रीकृष्ण आयोगाचा अहवाल आला फेब्रुवारी १९९८ मध्ये. मुंबईच्या दंगलीत दोषी ठरवलेल्या ३१ पोलिसांची नावे त्यात होती. सरकारने तो सहा महिने दाबून ठेवला, ऑगस्टमध्ये सभागृहात मांडला आणि फेटाळला. पण मांडला गेल्यामुळे तो लोकांच्या हाती आला, संघटनांनी छापून वाटला. नावे छापली म्हणून त्या पोलिसांच्या खासगीपणाचा भंग झाला, असे तेव्हा मी कोणाच्या तोंडून ऐकले नाही. त्याच्या चार वर्षे आधी, १९९४ मध्ये, 'ऑटो शंकर' प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट सांगितले होते की सरकारी कर्तव्य बजावताना केलेल्या कृत्यांबाबत अधिकाऱ्यांना खासगीपणाची ढाल घेता येणार नाही. एका कैद्याच्या आत्मचरित्रात पोलीस अधिकाऱ्यांशी असलेल्या संबंधांचे उल्लेख येणार होते आणि एका तामिळ साप्ताहिकाने ते छापू नये असा अधिकाऱ्यांचा प्रयत्न होता, असे ते प्रकरण. १९९६ च्या डी. के. बसू निकालाने अटकेतल्या माणसाची माहिती नियंत्रण कक्षाच्या फलकावर बारा तासांत लावायला सांगितली. असा फलक वेळच्या वेळी भरलेला मी फार थोड्या ठिकाणी पाहिला.

आता माझ्या दशकाकडे येतो : २००३ ते २०१२.

राज्याचा माहिती अधिकार कायदा केंद्राच्या आधी आला. त्यासाठी अण्णा हजारे ऑगस्ट २००३ मध्ये आझाद मैदानावर उपोषणाला बसले होते. मुंबईत कार्यकर्ते शैलेश गांधींनी त्या कायद्याखाली एक साधा प्रश्न विचारला : पोलिसांच्या बदल्यांसाठी कोणत्या मंत्र्याने, कोणत्या आमदाराने शिफारस केली? खात्याच्या आत सगळ्यांना ठाऊक असलेली गोष्ट पहिल्यांदा कागदावर मागितली गेली. पुण्यात पत्रकार प्रकाश कर्दळे या कायद्याच्या प्रसारासाठी अखेरपर्यंत राबले. २००७ मध्ये ते गेले. १२ ऑक्टोबर २००५ ला केंद्राचा कायदा आला आणि दहा रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प लावून जोडपत्र 'अ' भरायला साधी माणसे शिकली. २००६ मध्ये फायलींवरचे शेरे वगळण्याचा घाट घातला गेला, तेव्हा अण्णा आळंदीत पुन्हा उपोषणाला बसले आणि तो बेत मागे पडला.

आम्ही चार-पाच जण दर शनिवारी संध्याकाळी एका वाचनालयाच्या ओसरीवर बसायचो आणि अर्ज लिहून द्यायचो. रेशनचे अर्ज सर्वांत जास्त, मग सातबाऱ्याचे. पोलिसांविरुद्धचे सर्वांत कमी, कारण अर्ज पोहोचला की ठाण्यातून फोन यायचा. तरी लोक येत. अदखलपात्र नोंद करून हाकलून दिलेले, मुद्देमालातली स्वतःची मोटारसायकल सोडवायला वर्षभर खेटे घालणारे, पोराला रात्रभर बसवून ठेवले म्हणून रडणाऱ्या आया. पोलीस शिपाईसुद्धा येत, हे आवर्जून सांगितले पाहिजे. साध्या कपड्यांत, अंधार पडल्यावर. स्वतःच्याच विभागीय चौकशीचे कागद त्यांना मिळत नसत. वरिष्ठाने वाचवलेला कोण आणि बळी दिलेला कोण, हे त्यांना त्या फायलींतून सिद्ध करायचे असे.

एक रिक्षाचालक मला अजून दिसतो. २००८ च्या पावसाळ्यात चौकीत त्याला पट्ट्याने मारले होते. आठ महिन्यांनी त्याच्या तक्रारीवर एका ओळीचे पत्र आले : आपल्या अर्जावर योग्य ती कार्यवाही करण्यात आली आहे. या ओळीने महाराष्ट्रात किती माणसांचे तोंड बंद केले असेल! आम्ही अर्ज लिहिला : प्राथमिक चौकशीचा अहवाल, कसुरी अहवाल, कारणे दाखवा नोटीस, अंतिम आदेश, सगळ्यांच्या प्रती द्या. तीस दिवस गेले, उत्तर नाही. पहिले अपील केले. अपिलीय अधिकाऱ्याने, म्हणजे पोलीस दलातल्याच एका वरिष्ठाने, सुनावणीत विचारले, "तुम्हाला हे कशाला हवंय?" कायद्यात कारण सांगायची सक्ती नाही, असे रिक्षावाला स्वतः म्हणाला. कलम सहा त्याने पाठ केले होते. महिन्याने सतरा पाने मिळाली. शेवटच्या पानावर आदेश होता : मुंबई पोलीस (शिक्षा व अपिले) नियम, १९५६ नुसार एक वेतनवाढ एका वर्षासाठी रोखली.

मला ती शिक्षा फार थोडी वाटली. त्याला तसे वाटले नाही. त्याने ते पान लॅमिनेट करून आणले आणि आम्हा सगळ्यांना दाखवले. "मी खोटं बोलत नव्हतो, हे सरकारनं लिहून दिलंय," तो म्हणाला. आमच्या त्या ओसरीवरच्या वर्षांतली ही सर्वांत मोठी कमाई आहे असे मी तेव्हा मानले आणि आजही मानतो.

मोठी माणसेही याच वाटेने गेली. २६ नोव्हेंबर २००८ च्या रात्री, मुंबईवरच्या दहशतवादी हल्ल्यात, कामा रुग्णालयाजवळच्या गल्लीत पोलीस अधिकारी अशोक कामटे, हेमंत करकरे आणि विजय साळसकर मारले गेले. त्या रात्री नियंत्रण कक्षात काय बोलणे झाले, मदत का पोहोचली नाही, हे विनीता कामटे यांना कोणी सांगेना. एका हुतात्मा पोलीस अधिकाऱ्याच्या पत्नीलाही शेवटी माहिती अधिकाराचा अर्ज करावा लागला. त्या नोंदी त्यांनी मिळवल्या आणि २००९ मध्ये विनीता देशमुख यांच्यासह पुस्तक लिहून लोकांपुढे ठेवल्या. पोलिसांच्या कामाचा कागद मागणारा पोलिसांचा शत्रू असतो, असे ज्यांना वाटते त्यांनी हे आठवावे.

त्या काळात आम्हाला बरेच ऐकून घ्यावे लागले. ब्लॅकमेलर म्हटले गेले. काही अर्जदार तसे होते, ते मी नाकारत नाही. त्यांच्यासाठी खंडणीचा कायदा आहे. काही पत्रकार मित्र म्हणत, अर्ज कशाला, आम्ही 'सूत्रांकडून' काढतो. सूत्रांकडून निघालेली बातमी दुसऱ्या दिवशी नाकारता येते. शिक्का मारलेली प्रत नाकारता येत नाही. आणि हा मार्ग स्वस्त नव्हता. १३ जानेवारी २०१० ला तळेगाव दाभाड्यात माहिती अधिकार कार्यकर्ते सतीश शेट्टींची हत्या झाली. त्या शनिवारी ओसरीवर आम्ही दोघेच होतो.

मग ३ ऑक्टोबर २०१२ आला. अकोल्यातल्या भविष्यनिर्वाह निधी कार्यालयातल्या एका अधिकाऱ्याविषयीची माहिती गिरीश देशपांडे यांनी मागितली होती : मेमो, कारणे दाखवा नोटिसा, शिक्षा, मालमत्ता. प्रकरण नागपूर खंडपीठातून सर्वोच्च न्यायालयात गेले आणि तिथे निकाल लागला की ही बाब कर्मचारी आणि त्याचा मालक यांच्यातली, म्हणून वैयक्तिक. मालक कोण, हा प्रश्न मला त्या दिवसापासून छळतो आहे. पगार लोकांच्या करातून, वर्दी लोकांच्या कायद्याने दिलेली, आणि चूक घडली ती लोकांपैकीच एकाच्या अंगावर. विधिमंडळाबाबतच्या त्या शेवटच्या वाक्याचा विचार या निकालात झालाच नाही, हे शैलेश गांधी आजतागायत सांगत आले आहेत. मी त्यांच्याशी पूर्ण सहमत आहे. २०१३ पासून आमच्या अर्जांच्या उत्तरांना या निकालाची झेरॉक्स टाचलेली असे. त्याच १७ पानांसाठी रिक्षावाल्याने पाच वर्षे उशिरा अर्ज केला असता, तर त्याला ती झेरॉक्स मिळाली असती.

पुढची वर्षे सांगायला मला उत्साह नाही. जानेवारी २०१२ च्या नियमाने अर्ज दीडशे शब्दांत आणि एकाच विषयाचा करायला लावला होताच. पोलीस सुधारणांविषयीच्या प्रकाश सिंह खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने दिलेल्या २००६ च्या आदेशानंतर आठ वर्षांनी, २०१४ मध्ये, राज्याने पोलीस तक्रार प्राधिकरण कायद्यात घातले. त्याच्या शिफारशींवर पुढे काय झाले हे तक्रारदाराला कळायचे तर पुन्हा माहिती अधिकाराकडेच यावे लागते. २०१६ मध्ये प्रथम खबर चोवीस तासांत संकेतस्थळावर टाकायचा आदेश झाला, ती एक चांगली गोष्ट. डिसेंबर २०२० मध्ये प्रत्येक ठाण्यात कॅमेरे लावून चित्रीकरण अठरा महिने जपायला सर्वोच्च न्यायालयाने सांगितले, आणि सप्टेंबर २०२५ मध्ये कॅमेरे चालत नाहीत म्हणून त्याच न्यायालयाला स्वतःहून दखल घ्यावी लागली. राज्य माहिती आयोगापुढे थकलेली प्रकरणे मध्यंतरी एक लाखाच्या वर गेली. बदलापूरच्या शाळेतल्या अत्याचार प्रकरणात आरोपीच्या पोलिसांच्या ताब्यातल्या मृत्यूचा दंडाधिकाऱ्यांचा चौकशी अहवाल जानेवारी २०२५ मध्ये उच्च न्यायालयात आला तो बंद लिफाफ्यात. न्यायमूर्तींनी त्याचे निष्कर्ष खुल्या न्यायालयात वाचले, म्हणून ते आपल्याला कळले.

पोलिसाचा आजार, त्याचे घर, त्याची मुले, त्याचे बँक खाते ही त्याची खासगी माहिती आहे. तक्रारदार स्त्रीचे नाव झाकलेच पाहिजे, खबऱ्याचेही. यावर आमचा वाद कधीच नव्हता. कोठडीत हात उगारल्याबद्दल मिळालेली सक्त ताकीद या यादीत बसत नाही. नावे बाहेर आली तर दलाचे मनोधैर्य खचेल, असे म्हणतात. अंधारात आमच्या ओसरीवर येणाऱ्या शिपायांचे मनोधैर्य कशाने खचले होते, ते मी जवळून पाहिले आहे : दोषी वरिष्ठ सुटतो आणि त्याचा कागद कोणाला दिसत नाही, याने.

डिसेंबरात आलेल्या त्या गृहस्थांना आम्ही पहिले अपील लिहून दिले आहे. माहिती अधिकारातले कलम ८(२) अजून शाबूत आहे : होणाऱ्या हानीपेक्षा जनहित मोठे असेल, तर सूट असलेली माहितीही देता येते. वाचकांना माझे सांगणे आहे की पोलिसांविरुद्धच्या तक्रारीचे काय झाले हे विचारताना अर्जातच हे कलम लिहा आणि जनहित कोणते ते दोन ओळींत मांडा. नकार आला तर तीस दिवसांत पहिले अपील करा, तेही फेटाळले तर नव्वद दिवसांत आयोगाकडे जा. नकाराचा प्रत्येक कागद जपून ठेवा. 'आठ-एक-जे'मधला बदल न्यायालयात तपासला जाईल तेव्हा ते कागद लागतील.