एक ग्रॅम माती, दहा हजार घनमीटर हवा

नखावर मावेल एवढी, एक ग्रॅम माती घ्या. ती दळून दहा मायक्रोमीटरचे, म्हणजे केसाच्या जाडीच्या सहाव्या-सातव्या हिश्श्याएवढे कण केले तर किती होतील? मातीची घनता २.६५ धरली तर सुमारे ७२ कोटी. अशा आणि याहून बारीक कणांची, पीएम-१० ची, आपल्याकडची चोवीस तासांची मर्यादा आहे घनमीटरला १०० मायक्रोग्रॅम. त्या हिशेबाने एवढीशी माती दहा हजार घनमीटर हवा मर्यादेला टेकवते. माणूस दिवसाला साधारण अकरा घनमीटर हवा ओढतो. म्हणजे ही झाली एका माणसाची अडीच वर्षांची हवा.

आता दिल्ली. आयआयटी कानपूरच्या २०१६ च्या अहवालात शहरात रोज हवेत मिसळणारे पीएम-१० होते १४३ टन, त्यातली ५६ टक्के रस्त्यावरची धूळ. म्हणजे ८० टन. तेच गणित लावले तर ही धूळ ८०० घनकिलोमीटर हवेला पुरते. दिल्लीचे क्षेत्रफळ १,४८३ चौरस किलोमीटर. सगळ्या दिल्लीवर ५४० मीटर उंचीपर्यंतची हवा एका दिवसाच्या धुळीने मर्यादेला भिडते. हिवाळ्याच्या रात्री प्रदूषण ज्या थरात कोंडते, तो याहून पुष्कळ उथळ असतो.

या हवेचे खटले चालतात कोपर्निकस मार्गावर. जुने महाराष्ट्र सदन ज्या रस्त्यावर आहे, त्याच रस्त्यावरच्या फरीदकोट हाउसमध्ये राष्ट्रीय हरित लवादाचे मुख्य पीठ बसते. १० डिसेंबर २०१५ ला लवादाने पिकांचे अवशेष जाळण्यावर बंदीचा आदेश दिला आणि जाळणाऱ्याने भरायच्या भरपाईचे दर ठरवले: दोन एकरांच्या आतल्या शेतकऱ्याला २,५०० रुपये, पाच एकरांपर्यंत ५,०००, त्यावर १५,०००. नोव्हेंबर २०२४ मध्ये केंद्राने हे आकडे दुप्पट केले.

त्या दरपत्रकात धूर आहे, धूळ नाही. आग उपग्रहाला दिसते, तिच्याखाली सातबाऱ्यावरचे नाव सापडते. रोटाव्हेटरमागचा फुफाटा, मळणी यंत्राच्या तोंडाशी उडणारा भुस्सा, ऊस वाहणाऱ्या ट्रॉल्यांनी उधळलेला कच्चा रस्ता यांचे तसे नाही. ही धूळ बांध ओलांडते आणि कोणाची राहत नाही.

तरी मर्यादा गावालाही आहेच. १८ नोव्हेंबर २००९ च्या राष्ट्रीय मानकांत औद्योगिक, निवासी आणि ग्रामीण भाग एकाच रकान्यात आहेत. शंभर मायक्रोग्रॅमचा आकडा चांदणी चौकाला तोच, मराठवाड्यातल्या वस्तीलाही तोच. अमेरिकेचा आकडा १५०. तिथेही शेतातल्या धुळीवरून रण माजले होते: ग्रामीण भागातल्या धुळीला या नियमातून वगळणारे विधेयक डिसेंबर २०११ मध्ये प्रतिनिधी सभेने २६८ विरुद्ध १५० मतांनी मंजूर केले, सिनेटमध्ये ते पुढे सरकले नाही. आपल्याकडे असा वाद व्हायलाही आधी मोजणी हवी. २०१९ चा राष्ट्रीय स्वच्छ हवा कार्यक्रम आज १३० शहरांचा आहे. २०११ च्या जनगणनेतली गावे सहा लाखांहून अधिक. एकट्या दिल्लीत हवा मोजणारी स्वयंचलित केंद्रे चाळिसाच्या आसपास.

नांगरटीवर दंड बसवावा असे मला मुळीच वाटत नाही. जमीन कसायचीच आहे, आणि दोन एकरवाल्याच्या खिशात हात घालून हवा सुधारणार नाही. पण तोंडाला पदर बांधून दिवसभर मळणी यंत्रात कणसे सारणारी बाई जी हवा ओढते, तिचा आकडा कोणत्याच फलकावर नसावा, हे मला सहन होत नाही. शंभरच्या मर्यादेवर तिचाही हक्क आहे. महाराष्ट्रात तालुके साडेतीनशेच्या घरात आहेत. तालुक्याला एक यंत्र, तेही तहसील कचेरीच्या गच्चीवर नव्हे तर सुगीत चालू असलेल्या खळ्याजवळ, एवढी सुरुवात राज्याला परवडते. मळणी यंत्राच्या तोंडाला धूळ अडवणारे झाकण आणि शेतरस्त्यावर खडी-डांबर यांच्या मागण्या मग आकड्यानिशी मांडता येतील.