अर्धा राहिलेला अध्याय

परवा दुपारी मृत्युपत्राचा मसुदा घेऊन बसलो होतो. डोंबिवलीचा फ्लॅट, मुदत ठेवी, पोस्टातली खाती, हिचे दागिने. ३७ वर्षं बँकेत काढलेल्या माणसाची यादी चोख असणारच. हिने चहाचा कप ठेवता ठेवता कागदावरून नजर फिरवली आणि म्हणाली, ''सगळं लिहिलंत. पण भाऊजींशी अकरा वर्षं बोलत नाही, ते कुणाच्या नावावर करणार?''

कल्याणच्या वडिलोपार्जित घराच्या वाटणीवरून माझं आणि धाकट्या भावाचं फाटलं. त्यानंतर माझ्या मुलांनी काकाचं घर पाहिलेलं नाही. तेव्हा वारसा कशाला म्हणायचं, हा प्रश्न माझ्यापुरता पुस्तकी उरला नाही.

बँकेत असताना मयत खातेदारांच्या वारसांची प्रकरणं माझ्याकडे येत. लॉकरच्या किल्लीवरून सख्खे भाऊ माझ्या टेबलापाशी हातघाईवर आलेले मी पाहिले आहेत. पण १९९२ साली ठाण्याच्या शाखेत पाहिलेलं एक दृश्य अजून मनातून जात नाही.

आमचे एक वृद्ध ख्रिस्ती खातेदार होते. घरची बोली मराठी. तलावपाळीजवळच्या सेंट जॉन द बाप्टिस्ट चर्चमध्ये नेमाने जाणारे. कॅशियरने चुकून दहा रुपये जास्त दिले, तर भर उन्हात परत आणून देणारे. धर्माविषयी त्यांनी आम्हाला कधी एक अक्षर सांगितलं नाही. ते गेले तेव्हा दोन मुलगे आणि एक मुलगी कागदपत्रं घेऊन आली. खात्यात फार काही नव्हतं. मात्र एक स्थायी सूचना होती: दर महिन्याला शंभर रुपये शेजारच्या एका विधवेच्या खात्यात जमा करावेत. ती बाई त्यांच्या धर्माची नव्हती, नात्याची तर नव्हतीच.

''साहेब, हे आता बंद होणार?'' थोरल्याने विचारलं.

''खातेदार गेला की सूचना आपोआप संपते,'' मी नियम सांगितला.

''मग माझ्या खात्यावर नवी लिहून घ्या.''

''निम्मी माझ्या,'' धाकटा म्हणाला. मुलीने काही न बोलता आपलं पासबुक पुढे सरकवलं. माझ्या टेबलाशी वारसांमध्ये झालेला, देण्यासाठीचा तो एकमेव वाद!

त्या दिवशी घरी परतताना मला रेव्हरंड टिळक आठवले. नारायण वामन टिळक मूळचे कोकणातले, पण त्यांचं प्राथमिक शिक्षण आमच्या कल्याणात झालं. १० फेब्रुवारी १८९५ रोजी त्यांनी मुंबईत बाप्तिस्मा घेतला आणि घरावर आकाश कोसळलं. लक्ष्मीबाई काही वर्षं त्यांच्यापासून दूर राहिल्या. पुढे संसार पुन्हा एकत्र आला, तरी त्यांनी आपलं सोवळं सोडलं नव्हतं आणि टिळकांनीही ते मोडायला लावलं नाही. मग एके दिवशी बाईंनाच उमगलं, की जाती देवाने नव्हे, माणसाने केल्या. त्यानंतर त्या कुणाच्याही हातचं पाणी पिऊ लागल्या. त्यांचा बाप्तिस्मा १९०० सालचा. नवऱ्याच्या प्रवचनापेक्षा त्याच्या धीराने हे काम केलं असावं, असं मला वाटतं. नगरच्या या घरात बालकवी ठोमरे मुलासारखे राहिले. ते शेवटपर्यंत हिंदूच होते, पण म्हणून त्यांच्या वाट्याची माया कमी झाली नाही.

टिळकांनी येशूच्या जीवनावर 'ख्रिस्तायन' हे महाकाव्य लिहायला घेतलं. साडेदहा अध्याय झाले आणि १९१९ साली ते गेले. मागे इस्टेट म्हणावी अशी नव्हतीच. अर्धा राहिलेला अध्याय मात्र होता. कधी शाळेत न गेलेल्या लक्ष्मीबाईंनी तो पुढे नेला आणि साठांहून अधिक अध्याय रचले. १९३६ साली त्याही गेल्या. शेवटचा अध्याय मुलगा देवदत्त यांनी लिहिला. नातू अशोक यांनी पुढे आजीच्या 'स्मृतिचित्रे'ची साक्षेपी आवृत्ती सिद्ध केली. तीन पिढ्या! यातलं काहीही मृत्युपत्रात लिहून देता आलं नसतं.

ठाण्याच्या त्या गृहस्थांनीही असाच एक अध्याय अर्धा ठेवला होता. आपण गेल्यावर आपलं कुठलं काम मुलांना आपणहून पुढे न्यावंसं वाटेल, त्यावर आपला वारसा ठरतो. बाकी सगळी नुसती मालमत्ता. आणि मुलं आपण सांगितलेलं विसरतात, पाहिलेलं विसरत नाहीत. त्या तिघांनी बापाला देताना पाहिलं होतं. माझ्या मुलांनी मला काय करताना पाहिलं? अकरा वर्षं गप्प बसताना!

मी ख्रिस्ती नाही. पण मत्तयाच्या शुभवर्तमानातली येशूची एक शिकवण अलीकडे मला सोडत नाही. वेदीपाशी अर्पण घेऊन गेल्यावर भावाच्या मनात आपल्याविषयी काही सल आहे हे आठवलं, तर अर्पण तिथेच ठेवावं, आधी भावाशी समेट करावा आणि मग परत यावं. आमच्या घरात रोज पूजा होते. गेली अकरा वर्षं मी ती न चुकता करतो आहे.

काल रात्री भावाला फोन लावला. दोन्हीकडे बराच वेळ कुणी बोलेना. मग तोच म्हणाला, ''दादा, जेवायलाच ये.'' घराच्या वाटणीचं काय होईल ते होवो. हा लेख तुम्ही वाचत असाल तेव्हा मी कल्याणच्या गाडीत असेन. मध्ये एक ठाकुर्ली तेवढं लागतं. एवढ्याशा वाटेला मी अकरा वर्षं लावली.

थोरला मुलगा म्हणाला, ''बाबा, मीपण येतो.''