‘सर, रेंज गेली!’ – पण खरंच रेंजच गेली का?



आमच्या विज्ञान मंडळातल्या मुलांनी बनवलेलं फोमचं रिमोटचं विमान मैदानावर मस्त फिरत होतं. डावीकडे वळण घेताना ते अचानक ऐकेनासं झालं आणि कुंपणापलीकडे शेतात जाऊन आपटलं. शेतात कुणी नव्हतं, म्हणून निभावलं. मुलं एका सुरात म्हणाली, ‘सर, रेंज गेली!’ विमान तेव्हा जेमतेम ६०-७० मीटरवर होतं. म्हणजे ‘रेंज गेली’ हा आपला नुसता अंदाज होता. तो तपासायचा कसा, तेच आज पाहू.

सर्वात आधी पंखा (प्रोपेलर) काढून ठेवा. टेबलावरही मोटर अचानक सुरू होऊ शकते आणि बोटं कापू शकतात.

१. वीज पोहोचते का?
विमानातला रिसीव्हर लाटा पकडतो आणि सर्व्हो नावाच्या छोट्या मोटरी त्यानुसार पंखांच्या झडपा हलवतात. बहुतेक छोट्या विमानांत दोघांनाही एकाच ठिकाणाहून साधारण ५ व्होल्ट मिळतात. एखादा सर्व्हो अडकला की तो जास्त करंट ओढतो, व्होल्टेज घसरतं आणि रिसीव्हर क्षणभर बंद पडतो. खालून पाहणाऱ्याला वाटतं, सिग्नल गेला!
रिसीव्हरच्या रिकाम्या खाचेत मल्टिमीटर लावा आणि सगळ्या काड्या एकदम हलवा. आकडा बराच खाली आला, तर दोष विजेचा. मात्र साधा मल्टिमीटर क्षणिक घसरण पकडत नाही, म्हणून सर्व्होची घूं घूं ऐका, सैल प्लग हलवून पाहा. काही रिसीव्हरांचा दिवा मध्ये वीज खंडित झाली असेल तर नंतर लुकलुकत राहतो. तो पाहण्याआधी बॅटरी काढू नका.

२. अँटेना नीट आहे का?
आजचे बहुतेक रिमोट २.४ गिगाहर्ट्झवर चालतात. मुलांना फळ्यावर गणित करू द्या: लाटेचा वेग सेकंदाला ३० कोटी मीटर, कंपनं २४० कोटी. भागाकार ०.१२५ मीटर, म्हणजे लाटेची लांबी १२.५ सेंटिमीटर. तिचा चौथा भाग सुमारे ३ सेंटिमीटर. रिसीव्हरच्या अँटेनाचं उघडं टोक एवढंच का असतं, ते इथे कळतं! म्हणून ते कापू नका, दुमडू नका.
दोन अँटेना असतील तर त्या एकमेकींशी काटकोनात ठेवा. विमान कसंही वळलं तरी एक तरी नीट ऐकते. बॅटरी, मोटरच्या तारा आणि कार्बन फायबर यांपासून टोकं लांब हवीत, कारण कार्बन फायबर लाटा अडवतं. रिमोटची उभी अँटेना विमानाकडे रोखून धरण्याची सवय तर अनेकांना असते. पण टोकाच्या दिशेनेच लाटा सर्वात कमी जातात! ती विमानाला आडवी राहू द्या.

३. रेंजची चाचणी
बऱ्याच रिमोटमध्ये शक्ती मुद्दाम कमी करणारी ‘रेंज चेक’ सोय असते. माहितीपत्रकात दिलेल्या अंतरावर (बऱ्याचदा ३० पावलं) जाऊन काड्या हलवा. झडपा अडखळल्या तर त्या दिवशी उड्डाण नाही. मग पंखा बसवून, मोठ्या माणसाने विमान मागून घट्ट धरून, मोटर चालू ठेवून पुन्हा तपासा. मुलं त्या वेळी लांब. मोटर बंद असताना ठीक आणि चालू असताना अडखळतं, तर मोटर आणि तिच्या तारांकडे पाहा.

४. फेलसेफ
एवढं करूनही सिग्नल जाऊ शकतो. तेव्हा मोटर आपोआप बंद झालीच पाहिजे. पुन्हा पंखा काढा, मोटर हळू चालवा आणि रिमोट बंद करा. मोटर थांबली नाही, तर फेलसेफ नीट बसवल्याशिवाय उडवू नका. एरवी क्रम लक्षात ठेवा: सुरू करताना आधी रिमोट, बंद करताना आधी विमान.

आमच्या विमानाचं काय निघालं? दिवा लुकलुकत होता. डाव्या वळणासाठी झडप पूर्ण वळली की तिची तार फोमला अडकायची आणि सर्व्हो घुमायचा. फोम थोडा कापला, तार मोकळी झाली, लुकलुकणं थांबलं. मुलांच्या म्हणण्यानुसार नवा रिमोट आणला असता, तर पैसे गेले असते आणि विमान पुन्हा पडलं असतं.

मुलांना एक वही द्या: काय दिसलं, काय वाटलं, काय तपासलं, काय निघालं. एका वेळी एकच बदल करायला सांगा. दोन गोष्टी एकदम बदलल्या, तर नेमकं कशामुळे सुधारलं ते कळत नाही. आणि पालकहो, विमान पडलं म्हणून रागावू नका. ‘कशावरून म्हणतोस?’ एवढंच विचारा.