परसातील वेलांची छाटणी

यवतमाळ जिल्ह्यातील नेर तालुक्याच्या काळ्या, ओल धरून ठेवणाऱ्या जमिनीत आषाढाच्या पावसानंतर काकडी, दुधी आणि कोहळे यांचे वेल इतक्या झपाट्याने मांडवाकडे धावतात की, त्या हिरव्या वैभवाला कैची लावणे कित्येक गृहिणींना निर्दयपणाचे वाटते. परंतु वेलाची सारी शक्ती पर्णसंभारातच खर्ची पडू नये, याची तजवीज वेळीच केली पाहिजे. दुधीच्या मुख्य खोडावर बहुधा नरपुष्पेच येतात आणि देठाशी बोटाएवढे लोकरी फळ घेऊन उमलणारी स्त्रीपुष्पे बगलफुटींवर अधिक लागतात, म्हणून वेल मांडवाला पोहोचताच त्याचा शेंडा खुडावा. काकडीचा न्याय निराळा: तिला मुख्य खोडावरही फळ धरते, तेव्हा शेंडा राखून बुडाकडील हातभर उंचीपर्यंतचे फुटवे आणि मातीला टेकलेली पिवळी पाने तेवढी काढावीत, म्हणजे वारा खेळता राहून केवडा आणि भुरी या रोगांना सहजी थारा मिळत नाही. जमिनीवर पसरणाऱ्या कोहळ्याला मात्र, माझ्या मते, फारसा हात लावूच नये. त्याचा वेल पेरापेरांशी मुळे सोडून आपल्या पोषणाचा बंदोबस्त स्वतःच करतो. छाटणीस उघडीप पडलेली कोरडी सकाळ निवडावी, कारण ओल्या जखमेतून रोग लवकर शिरतो.